बागुलबुवाचें हंसूं



मराठी घरांत जन्मास आलेल्या प्रत्येक मुलाची एका अदृश्य गृहस्थाशीं फार लवकर ओळख होते. ह्या गृहस्थाचें नांव बागुलबुवा. त्याचें वय कोणास ठाऊक नाहीं, रूप कोणीं पाहिलेलें नाहीं, आणि पत्ता तर घरोघर निराळा सांगतात. कोठें तो माळ्यावर राहतो, कोठें परसांतील चिंचेवर, कोठें जिन्याखालच्या अंधारांत. मूल जेवेनासें झालें कीं त्यास बोलावणें जातें. मूल निजेनासें झालें कीं पुन्हां जातें. आणि आश्चर्य हें कीं, इतकीं बोलावणीं जाऊनही तो आजपर्यंत एकदांही आलेला नाहीं. तरीसुद्धां त्याचा धाक पिढ्यान् पिढ्या टिकून आहे.

ह्या बागुलबुवाचे भाऊबंद सातासमुद्रांपलीकडेही आहेत. अमेरिकेंतील मुलांच्या समजुतीप्रमाणें ते निजावयाच्या खोलींतील कपाटांत दडून बसतात. पीट डॉक्टर नांवाच्या चित्रपट-दिग्दर्शकास लहानपणीं आपल्याही कपाटांत राक्षस आहेत असें वाटे. तेच राक्षस त्यास मोठेपणीं उपयोगीं पडले. मुलांस भेवडावणें हा त्या राक्षसांचा रोजचा उद्योग असेल तर काय होईल, अशी कल्पना करून त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं 'मॉन्स्टर्स, इन्कॉर्पोरेटेड' हा चित्रपट रचिला. पिक्सार ह्या संस्थेनें तो संगणकाच्या साह्यानें तयार केला, आणि नोव्हेंबर २००१ मध्यें तो अमेरिकेंत प्रथम प्रदर्शित झाला. लहान मुलांस तो आवडावा ह्यांत नवल नाहीं. परंतु त्यांच्या शेजारीं बसलेल्या आईबापांसही तो आवडतो. असें कां व्हावें, ह्याचा थोडा विचार आपण येथें करूं.

कथेचा सारांश

ज्यांनीं हा चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठीं कथा थोडक्यांत सांगतों. राक्षसांचें एक नगर आहे. तेथील दिवे आणि गाड्या ज्या शक्तीवर चालतात ती शक्ति मुलांच्या किंकाळ्यांपासून निघते. म्हणून एका मोठ्या कारखान्यांत जगांतील मुलांच्या कपाटांचीं दारें जमविलेलीं आहेत. कामगार राक्षस रोज एकेक दार उघडून मुलाच्या खोलींत जातो, त्यास भिववितो, आणि त्याची किंकाळी नळकांड्यांत भरून आणितो. ह्या कामांत सर्वांत पटाईत म्हणजे सली, निळ्या लोकरीचा व शिंगें असलेला, पर्वतासारखा धिप्पाड. त्याचा सोबती माइक हिरवा, वाटोळा, आणि एकाच डोळ्याचा.

एके रात्रीं एक दोन-अडीच वर्षांची मुलगी उघड्या राहिलेल्या दारांतून राक्षसांच्या नगरांत शिरते. सलीस पाहून ती भीत तर नाहींच, उलट त्यास मांजर समजून त्याच्या मागें मागें फिरते. सली तिला 'बू' असें नांव देतो. तिला तिच्या घरीं पोंचविण्याच्या धडपडींत त्यास कळून येतें कीं, किंकाळ्यांचा तुटवडा पडल्यामुळें कारखान्याचा मालक मुलांस पळवून आणून यंत्रानें त्यांच्या किंकाळ्या ओढून काढण्याच्या कटांत सामील आहे. शेवटीं कट उघडकीस येतो, बू घरीं पोंचते, आणि राक्षसांस एक मोठा शोध लागतो: मुलांच्या हंसण्यांत त्यांच्या किंकाळीपेक्षां दसपट शक्ति आहे. कारखाना पुन्हां सुरू होतो. मात्र आतां राक्षस दारांतून जातात ते मुलांस हंसविण्यासाठीं.

कारखान्याचें गांव

आपल्या सोलापुरांतील प्रेक्षकास ह्या चित्रपटांतील एक गोष्ट चटकन ओळखीची वाटेल, आणि ती म्हणजे तेथील कारखाना. १८७७ सालीं सुरू झालेली जुनी मिल, पुढें लक्ष्मी-विष्णु, नरसिंग गिरजी इत्यादि गिरण्या ह्यांच्या भोंग्यावर एके काळीं ह्या शहराची सकाळ होत असे. आज त्या गिरण्या बंद आहेत. परंतु तुमच्यापैकीं कित्येकांचे आजे-पणजे तेथें साच्यांवर उभे राहिलेले आहेत. पाळी, मुकादम, उत्पादनाची रोजची बेरीज, पहिला नंबर कोणाचा ह्याविषयींची चुरस, माल कमी पडूं लागल्यावर मालकाच्या कपाळावर पडणाऱ्या आठ्या, हें सर्व त्या राक्षसांच्या कारखान्यांतही आहे. सली डबा घेऊन कामावर निघतो, वाटेंत शेजाऱ्यांस नमस्कार करितो, आणि काम संपल्यावर थकून घरीं येतो.

येथें चित्रपटाच्या गोडीचें पहिलें कारण सांपडतें. ज्यास आपण राक्षस म्हणतों तो दुसऱ्या बाजूनें पाहिला असतां पोटासाठीं राबणारा एक साधा गृहस्थ आहे. त्याचें भयंकर रूप ही त्याची नोकरी आहे, त्याचा स्वभाव नव्हे. मुलास ही गोष्ट कळली कीं अंधारांतील अर्धें भय तेथेंच गळून पडतें.

कलेची किमया

दुसरें कारण कलेचें आहे. चित्रपटाच्या एका सेकंदांत चोवीस स्थिर चित्रें डोळ्यांपुढून जातात आणि त्यांपासून हालचालीचा भास उत्पन्न होतो. हा चित्रपट सुमारें ब्याण्णव मिनिटांचा आहे. गणित करून पाहा: ९२ × ६० × २४, म्हणजे १,३२,४८० चित्रें. सलीच्या अंगावर सुमारें तेवीस लक्ष केंस आहेत. ते प्रत्येक चित्रांत हातानें हालविणें मनुष्यास अशक्य. म्हणून वाऱ्यानें, चालण्यानें, बर्फ पडल्यानें केंस कसे हालतील ह्याचे नियम संगणकास शिकवावे लागले, आणि सलीचें एकेक चित्र सिद्ध होण्यास संगणकास अकरा-बारा तास लागत. बूचा आवाज एका खऱ्याखुऱ्या लहान मुलीचा आहे. ती एका जागीं बसून बोलेना, तेव्हां मंडळी ध्वनिग्राहक घेऊन तिच्या मागें मागें फिरलीं आणि तिचे बोबडे उद्गार टिपून घेऊन तेच चित्रांशीं जुळविले. म्हणून बूचें हंसणें व रडणें इतकें खरें वाटतें.

ही विद्या केवळ परदेशची आहे असें मात्र समजूं नका. तिचें मूलतत्त्व आपल्या दादासाहेब फाळके ह्यांनीं शंभर वर्षांपूर्वींच ओळखिलें होतें. १९१२ सालीं त्यांनीं कुंडींत वाटाणा लावून त्याच्या वाढीचीं चित्रें दिवसामागून दिवस घेतलीं, आणि तीं सलग दाखवितांच बीजाचा वेल डोळ्यांदेखत वाढूं लागला. पुढें १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' ह्या लघुपटांत त्यांनीं निर्जीव काड्यांस नाचविलें. त्यानंतरच्या पिढींत पुण्याच्या प्रभात कंपनीनें 'जंबू काका' नांवाचें व्यंगचित्र चालतें-बोलतें केलें. साधनें बदललीं, वाटाण्याची कुंडी जाऊन संगणक आला. परंतु एकेक चित्र धीरानें रचणें आणि त्यांत प्राण घालणें हें मूळचें काम तेंच राहिलें. संपूर्णपणें संगणकावर रचिलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, 'टॉय स्टोरी', १९९५ सालीं निघाला; त्यानंतर अवघ्या सहा वर्षांत सलीच्या अंगावरचा केंसन् केंस हालूं लागला.

आपल्या घरचे राक्षस

तिसरें कारण मनुष्यस्वभावांत आहे. राक्षस दूर असला, आणि आपण सुरक्षित असलों, म्हणजे भय हें मिठासारखें होतें. थोडें असलें कीं रुचि आणितें. म्हणून सर्व देशांतील कथाकारांनीं राक्षस निर्माण केले, आणि त्यांतील कांहींस प्रेमळही केलें. महाभारतांतील घटोत्कच पाहा. हिडिंबेच्या ह्या पुत्राचें रूप विक्राळ, पण मन आज्ञाधारक मुलाचें. पांडव वनवासांत हिमालयाच्या वाटेनें जातांना थकले, तेव्हां त्यानें द्रौपदीस खांद्यावर वाहून नेलें. आपल्या मुलांस तो कधींच परका वाटला नाहीं.

कोंकणांत शिमग्याच्या दिवसांत खेळ्यांबरोबर संकासुर येतो. काळा पोशाख, उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी आणि कमरेस घुंगरांचा पट्टा. घुंगुर वाजले कीं मुलें घरांत पळतात, आणि तो दोन पावलें पुढें गेला कीं त्याच्या मागें धांवतात. पळणें आणि धांवणें, ह्या दोन्ही गोष्टी एकाच मुलाच्या एकाच क्षणींच्या आहेत, हें लक्षांत ठेवा. त्यांतच अशा सर्व कथांचें मर्म आहे.

रंगभूमीवर हेंच काम बालनाट्यानें केलें. १९५९ सालीं सुधा करमरकर ह्यांनीं मुंबईंत 'लिटल थिएटर' स्थापिलें आणि रत्नाकर मतकरी ह्यांचें 'मधुमंजिरी' रंगभूमीवर आणिलें. मतकरींनीं पुढें 'अलबत्या गलबत्या' लिहिलें. त्यांतील चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकर ह्यांनीं गाजविली, आणि २०१८ सालीं नाटक नव्यानें आलें तेव्हां वैभव मांगले ह्यांनीं तीच भूमिका नव्या पिढीपुढें उभी केली. मुलें तिला भितात आणि तिचीच वाट पाहतात. मतकरींच्या दुसऱ्या एका बालनाट्याचें नांवच 'निम्मा शिम्मा राक्षस' असें आहे. त्या नांवानेंच राक्षसाचें अर्धें राक्षसपण हिरावून घेतलें आहे!

चित्रपटांतही मूल आणि राक्षस ह्यांची जोडी आपल्याकडे जुनीच आहे. १९१९ सालच्या 'कालिया मर्दन' ह्या मूकपटांत फाळक्यांनीं आपली सुमारें सात वर्षांची कन्या मंदाकिनी हिला बाळकृष्णाची भूमिका दिली. गंमत अशी कीं, चित्रपटाच्या आरंभीं ही मुलगी आधीं आपल्या साध्या रूपांत येते, चेहऱ्यावर निरनिराळे भाव दाखविते, आणि मग कृष्ण होते. मुलें पाहत आहेत तें खेळ आहे, हें त्या कुशल कलावंतानें आधींच सांगून टाकिलें. शिवाय त्या कथेंत कालियाचा वध होत नाहीं. त्याच्या पत्नी दया भाकतात आणि त्यास जीवदान मिळतें. राक्षसास मारण्यापेक्षां त्याचें विष काढून घेणें श्रेष्ठ, हा विचार आपल्या मातींतलाच आहे.

स्पर्शाचें भय

आतां चित्रपटांतील एका फार खोल गोष्टीकडे वळूं. राक्षस मुलांस भिववितात हें खरें. परंतु मुलांपेक्षां राक्षसच अधिक भ्यालेले आहेत. मुलाचा स्पर्श झाला तर मरण येतें, अशी त्यांची पिढीजात समजूत. एका राक्षसाच्या पाठीस मुलाचा एक पायमोजा चिकटून येतो, तर पिंवळे पोशाख घातलेली तुकडी धांवत येते, मोजा नष्ट करिते, आणि त्या बिचाऱ्याचे केंस भादरून त्यास घासून काढिते. प्रेक्षक खदखदां हंसतात. आणि मग बू येते, सलीचा हात धरिते, त्याच्या कुशींत निजते; आणि कांहींएक होत नाहीं. विष नव्हतेंच. विष होतें तें सांगण्यांत आणि ऐकण्यांत.

आपल्या देशांत ह्या प्रसंगावर केवळ हंसून चालणार नाहीं. मनुष्याच्या स्पर्शानें मनुष्य विटाळतो ही समजूत येथें शतकानुशतकें पाळली गेली. पाणवठे निराळे, वाटा निराळ्या, पेले निराळे. १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदानें अस्पृश्यता नष्ट केली. परंतु मनांतील पिंवळ्या पोशाखाची तुकडी एका कायद्यानें घरीं जात नाहीं. ती जाते एका बाकावर बसल्यानें, एका डब्यांतला घांस वाटून खाल्ल्यानें, आजारी सोबत्याच्या घरीं जाऊन आल्यानें. ज्याविषयीं तुम्हांस दुरून भय किंवा किळस शिकविली गेली असेल, त्याच्याजवळ एकदां जाऊन पाहा. बूनें दुसरें कांहीं केलें नाहीं. ती फक्त जवळ गेली.

पडद्यावरील स्वतःचें तोंड

चित्रपटाचा गाभा एका लहानशा प्रसंगांत आहे. मालकाच्या आज्ञेवरून सली नवशिक्यांपुढें आपली कसबी डरकाळी फोडून दाखवितो. त्याच्या मनांत कोणाचें वाईट करण्याचें नसतें. तो केवळ रोजचें काम करीत असतो. परंतु बू तेथेंच उभी असते. ज्याच्या कुशींत ती निजली होती त्याचेंच तें विक्राळ तोंड पाहून ती थरथर कांपते आणि त्याच्यापासून दूर पळते. सली वर पाहतो, तों तेथील पडद्यांवर त्याचेंच चित्र असतें: सुळे दिसत आहेत, डोळे फाडलेले आहेत. आपण मुलास कसे दिसतों, हें त्यास आयुष्यांत प्रथमच कळतें.

पालकांस माझी विनंति आहे कीं, हा प्रसंग त्यांनीं विशेष लक्षपूर्वक पाहावा. आणि आम्हां शिक्षकांनीं तर दोनदां पाहावा. मुलावर ओरडतांना आपलें तोंड आपणांस दिसत नाहीं. तें मुलासच दिसतें. राग पांच मिनिटांत ओसरतो आणि आपण कामाला लागतों. परंतु तें चित्र मुलाच्या मनांतील पडद्यावर तसेंच थांबून राहतें.

शिवाय धाक दाखविण्याची किंमत आपण समजतों त्याहून पुष्कळ अधिक असते. 'जेव, नाहींतर पोलीस धरून नेईल'. 'गप्प बैस, नाहींतर डॉक्टर सुई टोंचतील'. 'थांब, मास्तरांनाच सांगतें.' हीं वाक्यें प्रेमळ मुखांतूनही सहज निघतात. आतां कल्पना करा: संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेंत, होम मैदानावरील गर्दींत एखादें चार वर्षांचें मूल आईचा हात सुटून चुकलें. समोर पोलीस उभा आहे. त्याच्याकडे जावयाचें सोडून तें मूल दुकानाच्या मागें लपतें. कारण घरीं त्यास पोलिसाचा बागुलबुवा केलेला आहे. ताप आलेलें मूल पोटांत दुखतें हें सांगत नाहीं, कारण डॉक्टर हा बागुलबुवा. गणित न समजलेलें मूल प्रश्न विचारीत नाहीं, कारण मास्तर हा बागुलबुवा. ज्या तीन मनुष्यांकडे मुलानें संकटांत धांवत जावें, त्यांच्याच वाटेवर आपण कांटे पेरून ठेवितों, आणि तेंही एका वाटीभर वरणभातासाठीं!

भीति आणि सावधगिरी

कोणी म्हणेल, भीति मुळींच नको तर मूल विहिरींत डोकावेल, विजेच्या तारेस हात लावील. हा आक्षेप योग्य आहे, आणि त्याचें उत्तरही सरळ आहे. भीति आणि सावधगिरी ह्या दोन निराळ्या वस्तु आहेत. विहीर खोल आहे, तार झटका देते, सापास डिवचूं नये, अनोळखी मनुष्याबरोबर एकट्यानें जाऊं नये, हें मुलास कारणासह सांगितलें तर तें ज्ञान होतें. 'विहिरींत हडळ आहे' असें सांगितलें तर तें असत्य होतें. आणि ज्या दिवशीं मुलास कळतें कीं हडळ नाहीं, त्या दिवशीं त्याचा विहिरीविषयींचा धाकही जातो आणि आपल्या शब्दावरील विश्वासही जातो. चित्रपटांतही खरा धोका नाहींसा केलेला नाहीं. तेथें मुलांस पळविणारा कोण निघतो? शिंगांचा सली नव्हे, तर सर्वांशीं गोड बोलणारा, प्रतिष्ठित मालक. रूपावरून मनुष्य ओळखूं नये, कृतीवरून ओळखावा, हा धडा मुलांस द्यावयास ह्याहून सोपें उदाहरण सांपडणें कठीण.

चित्रपटांत एक उणीवही आहे, ती सांगितलीच पाहिजे. शेवटीं किंकाळीच्या जागीं हंसणें आलें, परंतु नळकांडीं तींच राहिलीं. मुलाचें हंसणेंही कारखान्याचा मालच झालें. आज मुलांस हंसवून त्यांचा वेळ आणि त्यांच्या वडिलांचा पैसा गोळा करणारे उद्योग जगांत थोडे नाहींत, आणि चित्रपटाचा धंदाही त्यांपैकींच एक. म्हणून कोणीं हंसविलें कीं त्याच्या मागें जावें, असा अर्थ कोणीं घेऊं नये. सली बूवर माया करूं लागला तेव्हां तिच्या हंसण्यापासून शक्ति निघते हें त्यास ठाऊक नव्हतें. माया आधीं होती, लाभ मागून आला. हा क्रम उलटला कीं माया उरत नाहीं.

घरचा अभ्यास

विद्यार्थ्यांनो, ह्या लेखाबरोबर तीन कामें देतों. पहिलें, आपल्या आजी-आजोबांस विचारा कीं त्यांच्या लहानपणीं बागुलबुवा कोठें राहत असे व त्याचें रूप कसें असे. आणि तें वहींत लिहून काढा. सोलापुरांत मराठी, कानडी, तेलुगु, उर्दू अशा अनेक भाषांचीं घरें आहेत. प्रत्येक घरचा बागुलबुवा निराळा निघेल आणि ती वही वाचनीय होईल. दुसरें, वहीच्या कोपऱ्यांत चोवीस पानांवर एका उडणाऱ्या पक्ष्याचीं चोवीस चित्रें काढा आणि पानें भराभर सोडून पाहा. एका सेकंदाची किंमत कळेल. तिसरें काम सर्वांत कठीण: धाकट्या भावंडास जेवूं घालण्याची पाळी आली, तर एक आठवडाभर बागुलबुवास न बोलवितां, त्यास हंसवून जेवूं घाला.

पहिल्या दिवशीं वेळ अधिक लागेल. दुसऱ्या दिवशींही लागेल. परंतु ताट घेऊन तुम्ही येत आहां हें पाहून तें मूल आंत पळून जाण्याऐवजीं तुमच्याकडे धांवत येऊं लागेल, तेव्हां ह्या चित्रपटावर मोठीं माणसेंही कां लुब्ध होतात, हें कोणत्याही लेखावांचून तुमच्या ध्यानांत येईल.